आर्चचं ऑपरेशन: स्टेंट जोडलेली नळी की जुनी पद्धत? बाबांसाठी विचारतेय (बडोदे)

सुरसागरकाठची · रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण डॉक्टरी पेशातले आहेत, काहींच्या घरात मोठी ऑपरेशनं झाली आहेत, म्हणून लिहितेय.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. दांडिया बाजारातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं गातात. दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला. थंडी असेल, फटाक्यांचा धूर असेल, असं म्हणत गुळण्या, ज्येष्ठमध, हळद-दूध सगळं करून झालं. दोन महिन्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर डावी व्होकल कॉर्ड हलतच नव्हती. ते म्हणाले, "घशात काही नाही, छातीचा सीटी करून आणा." मला वाटलं कॅन्सर निघणार. निघाला तो महाधमनीचा फुगा. हृदयातून वर येऊन मागे वळते त्या कमानीत, म्हणजे आर्चमध्ये, ६.२ सेंटीमीटर. तिथून खाली उतरणारा भागही वरच्या बाजूला ४.८ आहे.

दोन सर्जनांना दाखवलं, एक इथले, एक अमदावादचे. ऑपरेशन लागणार यावर दोघांचं एकमत आहे. पद्धतीवर नाही. एक म्हणतात, आर्च कापून कापडी नळी बसवू, तिचं शेपूट खाली मोकळं सोडू, आणि तीन महिन्यांनी मांडीतून स्टेंट (तारेच्या जाळीची नळी) घालून खालचा भाग करू. दुसरे म्हणतात, स्टेंट आधीच जोडलेली तयार नळी येते, ती एकदाच बसवू. ती महाग आहे, आणि पायांना धोका थोडा जास्त असल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं.

'पाय' हा शब्द ऐकल्यापासून आई जेवलेली नाही. छातीच्या ऑपरेशनात पायांचा संबंध कुठून आला? आणि ठरवायचं कशावरून?

---

पंपावरचा_माणूस · रविवार, रात्री ११:४५

ताई, मी सर्जन नाही. २६ वर्षं हार्ट-लंग मशीन चालवलं, आता निवृत्त आहे. मशीनच्या बाजूने जे दिसतं ते सांगतो. बाबांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी आवाजाचं. डाव्या व्होकल कॉर्डची नस मेंदूकडून छातीत उतरते, आर्चच्या खालून वळसा घेते आणि परत घशाकडे वर जाते. फुगा वाढला की ती ताणली जाते. तुमच्या घशाच्या डॉक्टरांनी सीटी सांगितला, त्यांना माझा नमस्कार कळवा.

आता ऑपरेशन. आर्च म्हणजे छत्रीची मूठ समजा. मुठीच्या पाठीवरून तीन फांद्या निघतात: पहिली उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला, दुसरी मेंदूच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला. बायपासमध्ये मशीन लावून हृदय थांबवतात, पण शरीराला रक्त मिळत राहतं. आर्च उघडायची तर क्लॅम्प (रक्त रोखणारा चिमटा) लावायलाच जागा नसते, म्हणून काही वेळ गळ्याखालच्या शरीराचं रक्त पूर्ण बंद करावं लागतं. त्यासाठी माणसाला मशीनवर थंड करतात. जुन्या काळी १८ अंशांपर्यंत नेत आणि मेंदूचंही रक्त बंद ठेवत. अर्ध्या तासाच्या पुढे काटा गेला की ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोलत नसे. आता बहुतेक ठिकाणी २४ ते २८ अंश ठेवतात आणि मेंदूला वेगळं रक्त देत राहतात, बहुधा उजव्या काखेतल्या धमनीतून. किलोला मिनिटाला साधारण १० मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० मिली. एरवी त्याच माणसाला मी चार लिटरच्या आसपास देत असे. तो पंप ६०० वर आणला की माझा हात नॉबवरून हलत नसे.

डोकं असं सांभाळलं जातं. खाली मूत्रपिंडं, आतडी आणि मणक्यातली मज्जा मात्र वाट बघत असतात. पायांच्या नसा त्या मज्जेतूनच जातात, म्हणून पायांचा संबंध इथून येतो.

दोन्ही पद्धतींत खरा फरक शेवटच्या जोडात आहे. जुन्या पद्धतीत नळीचं खालचं टोक डाव्या हाताच्या फांदीच्याही पलीकडे शिवतात. ती जागा छातीत खोल, डावीकडे मागे असते, नीट दिसत नाही. त्या टाक्यातून रक्त आलं तर नंतर तिथे पोचणं फार कठीण. तयार नळीत स्टेंटचा भाग खाली सरकवून उघडतात आणि जोड अलीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीच्या मध्ये घेता येतो. तिथे हात पोचतो. यातल्या काही नळ्यांना बाजूने एक जादा फांदीही असते. खालचा जोड झाला की मी तिच्यातून खालच्या शरीराचं रक्त लगेच सुरू करायचो आणि सर्जन वरच्या फांद्या सावकाश शिवायचे. तशी फांदी स्टेंट नसलेल्या साध्या चार फांद्यांच्या कापडी नळीलाही असते, तेव्हा ती फक्त नव्या नळीची करामत समजू नका.

---

कारेलीबागचा_भाऊ · सोमवार, सकाळी ७:१०

ताई, मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या भावाचं सांगतो.

दादाचं आर्चचं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात झालं. जुनी पद्धत, शेपूट मोकळं सोडलेली. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनांविषयी आमची एका शब्दाची तक्रार नाही. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, दुसरा टप्पा तीन ते सहा महिन्यांत. दादा दोन महिन्यांत कामाला लागला. सहा महिन्यांनी मुलीचं लग्न निघालं. मग पैसे संपले होते. मग तो म्हणायला लागला, मला काही होत नाहीये, पुन्हा कशाला छातीला हात लावायचा? तपासणीला बोलावणारा फोन तिथून कधी आला नाही, आणि आम्हीही केला नाही. दोन वर्षं चार महिन्यांनी पहाटे पाठीत कळ आली आणि हॉस्पिटलच्या दारात पोचायच्या आत तो गेला. खालचा भाग फुटला होता.

पहिलं ऑपरेशन चांगलं झालं म्हणूनच आम्ही दुसरं विसरलो. तुमच्या बाबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. ते दुसऱ्यांदा जातील का? याचं उत्तर आधी घरात घ्या.

---

सुरसागरकाठची · सोमवार, सकाळी ८:०५

भाऊ, वाचून हात थरथरतायत. बाबा अगदी तसेच आहेत. मोतीबिंदूचा दुसरा डोळा चार वर्षं राहिला आहे.

---

रावपुऱ्याची_वाचक · सोमवार, दुपारी २:३०

इतिहास थोडा माहीत असला की सर्जनचं बोलणं सोपं जातं, म्हणून लिहिते.

आर्च बदलण्याचं यशस्वी ऑपरेशन ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकींच्या चमूने १९५७ मध्ये नोंदवलं. आज वापरतात त्या जातीच्या कापडी नळीची सुरुवातही त्यांच्याच हातची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपलं होतं, म्हणून नवं आलेलं डेक्रॉन घेऊन आले आणि घरच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. बाबांना जी नळी बसेल ती आजही त्याच जातीच्या कापडाची, म्हणजे पॉलिएस्टरची असेल. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या रँडल ग्रिप यांनी शरीर खोल थंड करून, रक्त थांबवून आर्च बदललेल्या चार रुग्णांची माहिती छापली आणि हे ऑपरेशन इतरांच्या आवाक्यात आलं. १९८३ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी नळीचं टोक खाली मोकळं सोडण्याची युक्ती काढली. ते टोक रक्तात हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं म्हणून नाव 'एलिफंट ट्रंक'. तुमचे पहिले सर्जन सांगतात ती हीच. पुढच्या ऑपरेशनला आयतं धरायला टोक मिळावं, हा हेतू.

१९९० च्या दशकात जपानी सर्जनांनी त्या सोंडेला आतून स्टेंट लावला, आणि पुढे तिला 'फ्रोझन एलिफंट ट्रंक' नाव पडलं. फ्रोझनचा बर्फाशी संबंध नाही. सोंड हलत नाही, भिंतीला घट्ट बसते, म्हणून फ्रोझन. आमच्या ओळखीच्या एका आजींनी हे नाव ऐकून 'गोठवून ठेवणार' असं समजून ऑपरेशनच नाकारलं होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि वयाची धास्ती असेल तर, डिबेकींना स्वतःला २००५ च्या शेवटी महाधमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली. २००६ मध्ये, ९७ व्या वर्षी, त्यांच्याच रुग्णालयात त्यांच्यावर ऑपरेशन झालं. त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले.

---

भूल_देणारी · सोमवार, रात्री ९:१५

मी कार्डिॲक ॲनेस्थेशिया करते. पायांचा प्रश्न नीट समजावणं माझं काम आहे, कारण नातेवाईक तो शेवटच्या रात्री संमतीपत्रावर पहिल्यांदा वाचतात आणि कोसळतात.

मज्जारज्जूला रक्त एका नळाने येत नाही. मानेतून येतं, पाठीच्या बरगड्यांमधल्या छोट्या धमन्यांतून येतं, कमरेतून येतं. या बरगड्यांच्या धमन्या महाधमनीच्या उतरत्या भागातून निघतात. स्टेंट तिथे भिंतीला चिकटला की त्याच्या लांबीतल्या धमन्यांची तोंडं बंद होतात. मोकळ्या सोंडेत त्यांच्याभोवती रक्त खेळत राहतं. म्हणून स्टेंटवाल्या नळीत मज्जेला इजा होण्याचा धोका जास्त धरतात. अनेक नोंदी एकत्र केलेल्या अभ्यासांत तो साधारण ५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. त्यातले काही पुढे सुधारतात, काही नाही. हा आकडा कुणी लपवत असेल तर त्या ओपीडीतून उठावं.

पण तो सगळ्यांना सारखा लागू नाही. स्टेंट किती लांब, यावर बरंच अवलंबून असतं. या नळ्या बहुधा १० ते १५ सेंटीमीटर स्टेंटच्या मिळतात. टोक छातीच्या (मान सोडून मोजलेल्या) आठव्या मणक्याच्या खाली गेलं की धोका वाढतो, म्हणून आमच्याकडे १० चीच नळी बसवतात. डाव्या हाताच्या फांदीतून मानेकडची एक धमनी निघते आणि ती मज्जेलाही रक्त देते, त्यामुळे ती फांदी बंद न करता जोडणार का, हे विचाराच. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस आम्ही रक्तदाब मुद्दाम चढा ठेवतो, सरासरी (वरच्या आणि खालच्या आकड्यांमधला) ८० च्या वर. शुद्धीवर येताच पहिलं वाक्य असतं, "काका, पाय हलवा." कमजोरी दिसली तर दाब आणखी चढवतो आणि कमरेतून बारीक नळी घालून मणक्यातलं पाणी काढतो. लवकर पकडलं तर पाय परत येऊ शकतात. त्यामुळे नळी कोणती, याच्याइतकंच रात्री तीन वाजता आयसीयूत पाय तपासणारं कोण आहे, हे विचारा.

---

मांजलपूरची_काकू · सोमवार, रात्री १०:५०

भूल देणाऱ्या डॉक्टरताईंनी लिहिलं ते आमच्या घरात घडलं. ह्यांना स्टेंटवाली नळी बसवली. पहिल्या दिवशी दोन्ही पाय हलवले, मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उजवा पाय उचलेना. सिस्टरच्या लक्षात आलं, तिने डॉक्टर येईपर्यंत वाट पाहिली नाही, धावत जाऊन बोलावून आणलं. कमरेत नळी घातली, दाब वाढवला. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यात वाकला. आता दीड वर्ष झालं. काठी घेऊन कमाटीबागेत फिरतात, जिन्यावर उजवा पाय जड पडतो. पुन्हा तोच निर्णय घेईन का, असं मुलगा विचारतो. घेईन. छातीत तो फुगा घेऊन ते झोपायचे तेव्हा मी रात्रभर श्वास मोजत बसायची.

---

अलकापुरीकर · मंगळवार, सकाळी ९:४०

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. माझ्या आईला अचानक चीर पडली होती, वरच्या भागात, ज्याला टाईप ए म्हणतात. रात्री दोनला टेबलावर घेतलं. सर्जन म्हणाले, आज फक्त जीव वाचवायचा, वरचा भाग आणि आर्चची खालची बाजू एवढंच बदलतो, बाकी आर्चला हात लावत नाही. अकरा वर्षं झाली, आई नातवंडांना शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला जाते. खालच्या भागात चिरेतून रक्त शिरून झालेली दुसरी पोकळी अजून आहे, दर वर्षी सीटी होतो. म्हणून सगळ्यांना नवी नळी हवीच, असं इथे कुणाच्या मनात बसू नये.

---

पंपावरचा_माणूस · मंगळवार, सकाळी ११:३०

अलकापुरीकर, बरोबर. अचानक पडलेली चीर आणि सवडीने करायचा फुगा, ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. चिरेत उशीर झाला तर तासातासाला जीव जातो, तिथे कमीत कमी करून बाहेर पडणं हेही कौशल्य. ताईंच्या बाबांचं सवडीचं आहे, म्हणून विचार करायला वेळ आहे. पण ६.२ आहे, आर्चला ५.५ च्या पुढे सहसा थांबत नाहीत, तेव्हा वेळ म्हणजे आठवडे धरा. तोवर बी.पी.ची गोळी चुकवू देऊ नका, जड उचलू देऊ नका, संडासला कुंथू देऊ नका.

---

सुरसागरकाठची · मंगळवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला काकूंची पोस्ट वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग उठून दोन घास जेवली.

आणखी दोन प्रश्न आहेत. भावाने इंटरनेटवर वाचलं की नव्या नळीचे निकाल जुन्यापेक्षा चांगले आहेत. दुसरीकडे वाचलं की सारखेच आहेत. कोणतं खरं? आणि कंपनीने फरक पडतो का?

---

भूल_देणारी · मंगळवार, रात्री ११:२०

दोन्ही लिहिणारे खरं लिहीत असतील. या तुलना बहुतेक मागच्या नोंदी काढून केलेल्या आहेत. कोणाला कोणती नळी द्यायची ते सर्जनने आधीच ठरवलेलं असतं. ज्याचा खालचा भागही खराब, त्याला स्टेंटवाली. ज्याचा आजार आर्चपाशी संपतो, त्याला साधी. मग दोघांचे आकडे शेजारी ठेवून कोण जिंकलं म्हणणं म्हणजे मांडवीला गर्दीत निघालेल्या आणि रिकाम्या रस्त्याने निघालेल्या रिक्षांची शर्यत लावणं. शिवाय एकाच वेळी सगळं करणाऱ्याचा धोका एका आकड्यात दिसतो. दोन टप्प्यांत करणाऱ्याचे दोन धोके असतात, आणि मध्ये वाट पाहताना गेलेला माणूस पुष्कळदा कुठल्याच ऑपरेशनच्या खात्यात मोजला जात नाही. कारेलीबागच्या भाऊंचे दादा ज्या यादीत आहेत ती यादी 'यशस्वी' अशीच असेल. मला हे फार वर्षं खुपतं आहे.

जिथे आजार आर्चच्या खाली उतरलेला आहे तिथे माझं मत स्टेंटवाल्या नळीकडे झुकतं. जिथे नाही तिथे साधी नळी, कमी परकं सामान, आणि मज्जेला कमी धोका.

---

पंपावरचा_माणूस · बुधवार, सकाळी ६:५०

कंपनीबद्दल. जर्मन ई-व्हिटा ओपन २००५ मध्ये आली. स्कॉटलंडमध्ये बनणारी थोराफ्लेक्स हायब्रिड त्यानंतरची. तिला चार फांद्या आधीच शिवलेल्या असतात आणि शिवायला एक कॉलर असते. अमेरिकेत तिला परवानगी २०२२ मध्ये मिळाली. जपानची फ्रोझेनिक्स आहे, चीनची क्रोनस आहे. हातातल्या नळीपेक्षा हात महत्त्वाचा. ज्या सर्जनने जी नळी वारंवार बसवली तीच त्याला बसवू द्या.

माप मात्र नीट विचारा. फुग्यात स्टेंट धमनीपेक्षा थोडा मोठा घेतात, म्हणजे तो धरून राहतो. चिरेच्या रुग्णात मोठा घेतला तर त्याचं खालचं टोक आतल्या अस्तराला नवी चीर पाडू शकतं. हे नव्या नळीचं स्वतःचं दुखणं आहे, जुन्या सोंडेत ते नव्हतं.

पैशाचं: नळी आयात होते, मापाची हजर नसेल तर थांबावं लागतं. तुमच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर गुजरातेत २०२३ पासून मर्यादा १० लाख आहे, पण त्या पॅकेजात नळीची किंमत बसते का, ते हॉस्पिटलच्या कार्डाच्या टेबलावरून लेखी घ्या. तोंडी 'हो जाएगा' वर जाऊ नका. रक्ताची सोय आधी करा. थंड केलेलं रक्त लवकर गोठत नाही, प्लेटलेट पुष्कळ लागतात.

---

सुरसागरकाठची · सतरा दिवसांनी, रात्री ८:३०

उशिरा लिहितेय, माफ करा.

अमदावादला जाऊन दोन्ही फायली पुन्हा मांडल्या. बाबांना सगळं सांगितलं, भाऊंच्या दादांचंही. ते म्हणाले, "मी दुसऱ्यांदा यायचा नाही, हे तुला ठाऊक आहे. जे करायचं ते एकदाच होईल तेवढं करा." स्टेंटवाली नळी ठरली, १० सेंटीमीटरची, जोड अलीकडचा, डाव्या हाताची फांदी जोडून. सर्जननी स्पष्ट सांगितलं की खालचा भाग पुढे वाढला तर मांडीतून आणखी एक स्टेंट लागू शकतो, पण त्याला टेकायला हा पहिला स्टेंट आत तयार असेल, छाती पुन्हा उघडावी लागणार नाही.

भजनी मंडळातले अकरा जण रक्त द्यायला आले. ऑपरेशन साडेसात तास चाललं. पंपावरच्या काकांसाठी मुद्दाम विचारून आकडे आणले: २५ अंश, खालचं रक्त ३४ मिनिटं बंद. रात्री दीडला आत सोडलं तेव्हा सिस्टरने माझ्यासमोर सांगितलं, "काका, पाय हलवा." आधी डावा हलला. उजवा हलेपर्यंत मी मांजलपूरच्या काकूंची आठवण काढत होते. मग उजवाही हलला.

काल घरी आलो. आवाज तसाच आहे. नस फार दिवस ताणली गेली होती, परत येईल असं कुणी म्हटलं नाही. सकाळी गॅलरीत बसून ते टाळ हळूच वाजवत होते, गात नव्हते.

---

पंपावरचा_माणूस · रात्री ८:५५

३४ मिनिटं, २५ अंश. ताई, त्या पंपावर जे कोण होतं त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. व्होकल कॉर्डसाठी घशाच्या डॉक्टरांना दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. न हलणारी कॉर्ड इंजेक्शनने मध्ये सरकवता येते, बोलणं बरंच सुधारतं.

---

कारेलीबागचा_भाऊ · रात्री ९:४०

देवाची कृपा. पुढच्या सीटीची तारीख कधीची आहे? कुठे लिहिली आहे?

---

सुरसागरकाठची · रात्री ९:५२

तीन महिन्यांनंतरची, भाऊ. फाईलवर, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आणि तिन्ही भावंडांच्या फोनमध्ये. भजनी मंडळाच्या वहीतही लिहून ठेवली आहे. त्या दिवशी अकरातले दोघे बाबांना घेऊन जायला घरी येणार आहेत.